ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरील रेषा



रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांत रोग्याच्या उशाशीं एक पडदा असतो आणि त्यावर एक तेजस्वी रेषा उंचसखल होत पुढें सरकत असते, हें दृश्य आतां बहुतेक कुटुंबांच्या परिचयाचें झालें आहे. त्या पडद्याचें थोरलें भावंड प्रयोगशाळांतून, कारखान्यांतून आणि दुरुस्तीच्या दुकानांतून वापरलें जातें. त्याला ऑसिलोस्कोप म्हणतात. विद्युद्दाब क्षणोक्षणीं कसा बदलतो याचा आलेख हें यंत्र काढून दाखवितें : आडव्या दिशेनें काळ, उभ्या दिशेनें दाब. वैद्याला जशी नाडी, तशी विद्युत्‌यंत्रें करणाऱ्याला ही रेषा. मात्र आजकालच्या ऑसिलोस्कोपवर दिसणारी रेषा विजेनें स्वतः काढलेली नसते. यंत्रानें टिपणें घेऊन, त्यांतील कांहीं ठेवून व कांहीं टाकून, ती मागाहून रेखाटलेली असते. काय ठेवावयाचें आणि काय टाकावयाचें याच्या निरनिराळ्या रीती आहेत, आणि रीत बदलतांच एकाच तारेवरील एकच लाट निराळी दिसूं लागते. त्या रीतींविषयीं आज बोलावयाचें आहे.

जुन्या ऑसिलोस्कोपची गोष्ट सरळ होती. 1897 सालीं कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञानें स्ट्रासबुर्ग येथें ऋणाग्र किरणांची नळी तयार केली. हवा काढून टाकलेल्या कांचेच्या नळींत इलेक्ट्रॉनांचा झोत समोरच्या लेप दिलेल्या पडद्यावर पडे व तेथें प्रकाशाचा ठिपका उमटे. पुढें या नळीवरून जीं यंत्रें बनलीं, त्यांत ज्या दाबाचा अभ्यास करावयाचा तोच दाब झोताला वरखालीं ओढी, आणि समान गतीनें वाढणारा दुसरा एक दाब त्याला डावीकडून उजवीकडे नेई. ठिपका धांवे, रेषा उमटे आणि लगेच विझून जाई. जें घडलें तें दिसलें. पाहणाऱ्याची पापणी लवली तर तें गेलें. कायम ठेवावयाचें असेल तर पडद्यासमोर कॅमेरा लावावा लागे. 1970 नंतरच्या दशकांत आंकड्यांवर चालणारे, म्हणजे डिजिटल, ऑसिलोस्कोप पुढें येऊं लागले आणि हळूहळू त्यांनीं जुन्यांची जागा घेतली.

या नव्या यंत्राचें काम समजण्यासाठीं आपण नदीवर जाऊं. सांगलीच्या आयर्विन पुलाशीं कृष्णेच्या पाण्याची उंची मोजतात आणि पावसाळ्यांत ती वर्तमानपत्रांत छापून येते, हें आपणांस ठाऊक आहे. अशा एखाद्या पुलावर एक कारकून वही घेऊन बसला आहे असें समजा. ठराविक वेळानें तो खुणेच्या पट्टीकडे पाहतो, आंकडा लिहितो आणि पुन्हां मान खालीं घालतो. सायंकाळीं आपण त्या आंकड्यांचे बिंदु कागदावर मांडून ते जोडले, कीं नदीच्या चढउताराची रेषा तयार होते. डिजिटल ऑसिलोस्कोपच्या पोटांत असाच एक कारकून आहे. फक्त तो विलक्षण चपळ आहे. आज विद्यार्थ्यांना परवडणाऱ्या साध्या यंत्रांतही तो एका सेकंदांत शंभर कोटी वेळां दाब मोजूं शकतो. त्याची पट्टी मात्र तितकीशी बारीक नसते. बहुतेक यंत्रांत तिच्यावर 256 खुणा असतात आणि प्रत्येक मोजमाप जवळच्या खुणेवर बसवून लिहिलें जातें.

दोन नोंदींच्या मधल्या काळांत नदीनें काय केलें, हें वहीला ठाऊक नसतें. मग मधला भाग आपण कोणत्या अधिकारानें जोडतों? या प्रश्नाचें उत्तर हॅरी नायक्विस्टच्या 1928 च्या आणि क्लॉड शॅननच्या 1949 च्या लेखांतून मिळतें. लाटेंत जें सर्वांत जलद आंदोलन असेल, त्याच्या दुपटीहून अधिक वेगानें नोंदी घेतल्या, तर त्या नोंदींवरून मूळ लाट पुन्हां उभी करतां येते. वेग त्याहून कमी पडला तर मात्र नुसती उणीव राहत नाहीं, खोटी लाट उत्पन्न होते. चित्रपटांत गाडी पुढें धांवत असतांना तिचीं चाकें उलटीं फिरतांना दिसतात, तें याच कारणानें. कॅमेरा सेकंदाला 24 चित्रें घेतो आणि आऱ्यांची गति त्याच्या हिशेबांत बसत नाहीं. आपल्या घरांतील वीज सेकंदाला 50 आंदोलनें करते. ती सेकंदाला 49 वेळां मोजली, तर पडद्यावर सेकंदाला एकच हेलकावा खाणारी संथ, देखणी लाट उमटेल. ती विस्कटलेली असती तर पाहणाराला संशय तरी आला असता.

आतां वहीकडे वळूं. वहीचीं पानें मर्यादित आहेत, आणि कारकून अखंड लिहितो आहे; मग वही भरल्यावर काय होतें? विहिरीवरचें रहाटगाडगें आठवावें. पोहरे भरून वर येतात, रिते होतात, पुन्हां खालीं जाऊन भरतात. ऑसिलोस्कोपच्या स्मृतींतही तसेंच चालतें : नवी नोंद सर्वांत जुन्या नोंदीच्या जागीं बसते. हें चक्र केव्हां थांबवावयाचें, तें ‘ट्रिगर’ ठरवितो. बंदुकीच्या चापाला आपण जें म्हणतों तेंच हें नांव. दाब अमुक व्होल्टांच्या वर चढला कीं चाप ओढला जावा, अशी अट घालून ठेवतां येते. अट पुरी होतांच रहाट अर्धा फेरा अधिक फिरतो आणि थांबतो. आतां निम्म्या पोहऱ्यांत घटनेपूर्वींचें पाणी आहे आणि निम्म्यांत नंतरचें. ठिणगी उडण्यापूर्वीं तारेवर काय चाललें होतें, हें जुन्या यंत्राला दाखवितां येणें जवळजवळ अशक्य होतें. नव्यानें तें सहजसाध्य केलें. माझ्या मतें डिजिटल ऑसिलोस्कोपचा सर्वांत मोठा गुण हाच आहे, जरी जाहिरातींत वेगाचाच डंका पिटला जातो.

परंतु वही लहान असल्याचा दुसराही एक परिणाम होतो, आणि तेथूनच निरनिराळ्या रीतींची कथा सुरू होते. पडद्यावर एक संपूर्ण सेकंद पाहावयाचा आहे आणि वहींत दहा हजार नोंदींपुरतीच जागा आहे, असें समजा. मग दोन नोंदींमध्यें सेकंदाचा दहाहजारावा भाग जाणार. कारकून तर सेकंदाला शंभर कोटी मोजमापें करतोच आहे. म्हणजे दर एक लाख मोजमापांतून एक लिहून ठेवावयाचें आणि बाकीचीं 99,999 सोडून द्यावयाचीं. यंत्र चालूं करतांच जी रीत आपोआप लागू असते, ती हीच. इंग्रजींत तिला नुसतें ‘सॅम्पल’ म्हणतात. सोडून दिलेल्या त्या मोजमापांत सेकंदाचा दशलक्षांश टिकणारा एखादा दाबाचा झटका असला, तर तो वहींत येण्याचा संभव शंभरांत एक. पडद्यावरची रेषा निर्मळ दिसेल, दुरुस्ती करणारा मान डोलावील, यंत्र निर्दोष ठरवून घरीं पाठविलें जाईल, आणि घरीं येतांच तें पुन्हां मधूनमधून बंद पडेल. ‘आमच्याकडे तर व्यवस्थित चालत होतें’ हें दुकानदाराचें वाक्य आपणां सर्वांच्या ओळखीचें आहे. तो खोटें बोलत असेलच असें नाहीं.

यावर उपाय म्हणून ‘पीक डिटेक्ट’ ही रीत निघाली. येथें कारकुनाला सांगितलेलें असतें, कीं दर ठराविक अवधींत एक आंकडा न लिहितां दोन लिही : त्या अवधींत पाणी चढून कोठवर गेलें आणि उतरून कोठवर आलें. मोजमापें पूर्वींइतकींच होतात, पण आतां सर्वांचा विचार होतो. दशलक्षांश सेकंदाचा तो झटका आतां निसटत नाहीं. पडद्यावर तो बारीक उभ्या काडीसारखा दिसतो. त्याचें रूप मात्र कळत नाहीं, आणि त्या अवधींत तो नेमका केव्हां आला हेंही कळत नाहीं. शिवाय तारेवर नेहमींच जी बारीक खरखर असते, तिचींही टोकें तेवढींच उचललीं जातात, आणि रेषा आहे त्याहून जाड, केसाळ दिसते. मागें सांगितलेल्या फसव्या संथ लाटेवरही हा चांगला उतारा आहे. जलद आंदोलन चालूं असेल तर प्रत्येक अवधींत वरचें आणि खालचें टोक दोन्ही लिहिलीं जातात आणि लाटेच्या जागीं पडदा भरून एक रुंद पट्टा उमटतो. पट्टा दिसला कीं समजावें, आपण फार सावकाश पाहत आहों.

अतिदक्षता विभागांतील त्या पडद्याचाही येथें संबंध येतो. ज्यांच्या हृदयाला पेसमेकर बसविलेला असतो, त्यांच्या बाबतींत त्या उपकरणाचा ठोका हृदयाच्या स्वतःच्या लाटेच्या मानानें अतिशय अल्पकालीन असतो. सहसा तो एकदोन सहस्रांश सेकंदांहून अधिक टिकत नाहीं. हृदयाची लाट नीट दिसावी म्हणून जी गाळणी लावलेली असते, तींत हा ठोका पुसट होऊन जातो. म्हणून अशा यंत्रांत तो ओळखण्याची स्वतंत्र व्यवस्था ठेवलेली असते, आणि तो सांपडला कीं पडद्यावर त्या जागीं एक खूण काढली जाते. डॉक्टर पाहतात ती उभी रेघ पुष्कळदां ठोक्याचें चित्र नसून ठोका येऊन गेल्याची नोंद असते.

पीक डिटेक्टचीच एक चुलत बहीण आहे, ‘एन्व्हलप’. ती एका फेरीपुरती न थांबतां अनेक फेऱ्यांतील वरचीं आणि खालचीं टोकें जमवीत जाते. जणूं पन्नास वर्षांच्या वह्या घेऊन प्रत्येक तारखेचा उंचांत उंच आणि खालांत खालचा आंकडा काढावा. लाट जागच्या जागीं किती हलते, तें यावरून दिसतें. अतिशय संथ बदलांसाठीं ‘रोल’ म्हणून आणखी एक रीत असते. तींत चापाची वाट न पाहतां रेषा कागदाच्या पट्टीसारखी अखंड सरकत राहते. विजेरी किती तासांत उतरते हें पाहावयाला ती बरी.

आतां सरासरीकडे येऊं. ‘अ‍ॅव्हरेज’ या रीतींत यंत्र चापाच्या ठिकाणीं लाटा एकमेकींवर नीट बसवितें आणि प्रत्येक जागच्या मोजमापांची सरासरी काढतें. खरी लाट प्रत्येक वेळीं सारखीच येते, म्हणून ती टिकते. खरखर कधीं वर तर कधीं खालीं असते, म्हणून ती परस्परांत जिरते. हिशेब वर्गमुळाचा आहे : 16 लाटांची सरासरी घेतली तर खरखर चौथा हिस्सा उरते, 64 घेतल्या तर आठवा, 256 घेतल्या तर सोळावा. डोळ्यांना मुळींच न दिसणारी क्षीण लाट अशा रीतीनें वर काढतां येते. पुस्तकांतून याला लाट ‘स्वच्छ करणें’ म्हणतात. मला तो शब्द पसंत नाहीं. वर्गाची सरासरी 55 गुण आली म्हणून नापास झालेला मुलगा पास होत नाहीं. तो फक्त दिसेनासा होतो. 256 लाटांत एकदांच येणारा एक व्होल्टाचा झटका सरासरींत 1/256 व्होल्टाचा उरतो, म्हणजे पडद्यापुरता तो नाहींसाच झाला. आणि पुष्कळ यंत्रांतले दोष असेच क्वचित्‌ येणारे असतात.

सरासरीच्या या दोन्ही बाजूंचें उत्तम उदाहरण ऑसिलोस्कोपच्या बाहेर, खगोलशास्त्रांत सांपडतें. दूरच्या आकाशस्थ पदार्थांकडून येणाऱ्या रेडिओलहरी इतक्या क्षीण असतात, कीं त्या काळीं त्या मोजतांना कित्येक सेकंदांची सरासरी काढीत बसण्याची वहिवाट होती. तीमुळें खरखर कमी होई. पण सेकंदासवासेकंदानें येणारें कांहीं असेल तर तेंही त्यांत विरघळून जाई. 1967 सालीं केंब्रिज येथें अँटनी ह्यूइश यांनीं साडेचार एकरांवर 2048 लहान आकाशकांची दुर्बीण उभारली, ती लहरींचें जलद लुकलुकणें टिपण्यासाठीं. म्हणून तिच्या ग्राहकांत सरासरीचा काळ सेकंदाच्या अंशाइतका अल्प ठेवणें भाग होतें. नोंद कागदाच्या पट्टीवर होई आणि जोसलिन बेल ही संशोधक विद्यार्थिनी रोज सुमारें शंभर फूट कागद डोळ्यांखालून घाली. ऑगस्टमध्यें तिला एका ठिकाणीं कांहीं विस्कटलेल्या रेघा दिसल्या. त्या लुकलुकण्यासारख्याही नव्हत्या आणि पृथ्वीवरील उपद्रवासारख्याही नव्हत्या. 28 नोव्हेंबर 1967 रोजीं कागद जलद सरकवून नोंद घेतली, तेव्हां त्या विस्कटलेल्या रेघांतून सव्वा सेकंदाहून थोड्या अधिक अंतरानें, अगदीं नियमानें येणारे ठोके बाहेर पडले. तो पहिला पल्सर, म्हणजे स्वतःभोंवतीं फिरणारा न्यूट्रॉन तारा. ह्यूइश यांना 1974 सालीं मार्टिन राइल यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें; बेलबाईंचें नांव त्यांत नव्हतें, याविषयीं नंतर पुष्कळ लिहिलें गेलें आहे.

कथेचा उत्तरार्ध आपल्या विषयाच्या दृष्टीनें अधिक गमतीचा आहे. ठोक्यांमधलें अंतर एकदां नेमकें कळलें, कीं लांबलचक नोंदीचे तेवढ्याच लांबीचे तुकडे पाडतां येतात आणि ते एकावर एक रचून सरासरी काढतां येते. हजारों ठोके रचले, कीं एरवीं खरखरींत बुडालेल्या ठोक्याचें रूप उघड होतें. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची जी मोठी रेडिओदुर्बीण आहे, तेथेंही पल्सरांचा अभ्यास करतांना ही रीत वापरतात. ज्या सरासरीनें ठोके झांकले असते, तिनेंच ते वर काढले. फरक एवढाच, कीं पहिल्या खेपेस ती कोठेंही कापून केली जाते आणि दुसऱ्या खेपेस योग्य जागीं. ऑसिलोस्कोपमध्यें ती योग्य जागा दाखविण्याचें काम चापाचें. चाप चुकीच्या जागीं ओढला जात असेल तर सरासरीनें लाट बोथट होते, अनियमित सुटत असेल तर ती पार सपाट होते. आणि पाहणाराला वाटतें, तारेवर कांहींच नाहीं.

‘हाय रेझोल्यूशन’ नांवाची रीतही सरासरीच काढते, पण निराळ्या प्रकारें. ती अनेक फेऱ्यांची वाट पाहत नाहीं. एकाच फेरींतील शेजारशेजारचीं मोजमापें एकत्र करून त्यांचा एक आंकडा लिहिते. म्हणून एकदांच घडणाऱ्या घटनेलाही ती चालते. अशा 16 मोजमापांची सरासरी घेतली, तर 256 खुणांच्या पट्टीवर 1024 खुणा असल्याइतका बारकावा मिळूं शकतो. किंमत अर्थातच द्यावी लागते. ज्या हालचाली त्या सोळा मोजमापांच्या अवधीहून जलद आहेत, त्या पुसल्या जातात आणि टोंकदार चढण उतरती होते. थोडक्यांत, पीक डिटेक्ट टोकें राखतें आणि मधलें टाकतें. हाय रेझोल्यूशन मधलें राखतें आणि टोकें घासून टाकतें. एका लाटेवर या दोन्ही रीती पाळीपाळीनें लावून पाहिल्या, तर पुष्कळ कांहीं कळतें.

एक अडचण मात्र यांपैकीं कोणत्याच रीतीनें सुटत नाहीं. एक चित्र टिपलें कीं तें रेखाटून होईपर्यंत यंत्राचे डोळे मिटलेले असतात. सेकंदाच्या दशलक्षांशाचें एक, अशीं सेकंदाला हजार चित्रें घेणारें यंत्र, पडदा सतत उजळलेला असला तरी, प्रत्यक्षांत सेकंदाचा हजारावा भागच पाहतें. सेकंदाला एक लाख चित्रें घेणारें यंत्र दहावा भाग पाहतें. म्हणून नव्या यंत्रांत चित्रें जलद टिपून तीं एकमेकांवर रचतात. ज्या बिंदूवरून रेषा वारंवार गेली तो अधिक तेजस्वी आणि जेथून क्वचित्‌ गेली तो मंद. ही जुन्या पडद्याच्या लेपाची नक्कलच आहे, आणि टेक्ट्रॉनिक्स या अमेरिकन कंपनीनें तिला ‘डिजिटल फॉस्फर’ असेंच नांव दिलें. रेषा न पुसतां रात्रभर यंत्र चालूं ठेवलें, तर सकाळीं मुख्य रेषेपासून फुटलेली एखादी मंद वाट दिसते. मग त्या वाटेलाच चापाची अट करावयाची, म्हणजे यंत्र बाकीच्या लाटा सोडून तिचीच वाट पाहत बसतें. असे प्रसंग दूरदूर अंतरानें येत असतील, तर कांहीं यंत्रांत वहीचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यांत एकच प्रसंग नोंदविण्याची सोय असते. मधला रिकामा काळ पानें खात नाहीं. आणि प्रत्येक तुकड्यावर वेळ लिहिलेली असल्यामुळें एका प्रसंगापासून दुसऱ्यापर्यंत किती काळ गेला, तें साध्या वजाबाकीनें काढतां येतें.